विमानांचा कारखाना कोठें उभारावा?

विमानें तयार करण्याचा कारखाना काढावयाचा तर तो कोठें काढावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं भूगोलाचा वाटतो. वर्गांतील नकाशापुढें एखाद्या चुणचुणीत मुलाला उभें करून विचारलें तर तो बहुधा मुंबईवर बोट ठेवील, आणि त्याचें उत्तर एकदम चूक म्हणतां येणार नाहीं. परदेशची यंत्रसामुग्री उतरावयाची ती बंदरांत. पेढ्या आणि शेअरबाजार बंदरांत. घाटमाथ्यावरील पाण्यापासून काढलेली वीजही बंदराकडेच वाहत गेलेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन आपलें चिमुकलें विमान उतरविलें, तेंही मुंबईच्या जुहू येथील मैदानावरच. असें असूनही हिंदुस्थानांतील पहिला विमान-कारखाना ज्या गृहस्थांच्या खटपटीनें निघाला, त्यांची पेढी मुंबईंत असतांना तो मुंबईंत निघाला नाहीं. समुद्रापासून दूर, सुमारें तीन हजार फूट उंचीवरील बंगळुरास तो उभा राहिला. याचें कारण शोधूं लागल्यास भूगोलाच्या नकाशाखालीं सत्तेचा एक दुसरा नकाशा दिसूं लागतो, आणि त्यांत सातारा-सांगलीकडील माळरानांनाही स्थान आहे.

हे गृहस्थ म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. त्यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरास झाला. घराणें जैन, व्यापार-सावकारीचें. परंतु वालचंदांचा ओढा सावकारीच्या वहीपेक्षां रेल्वेचे मक्ते, पूल आणि बोगदे यांकडे अधिक. १९१९ सालीं त्यांनीं भागीदारांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि त्याच वर्षीं ५ एप्रिल रोजीं तिची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनकडे निघाली. इंग्रज बोटवाल्यांनीं भाडीं उतरवून या नव्या कंपनीची कोंडी करण्यांत कसूर ठेविली नाहीं. अशा झुंजींतून गेलेल्या माणसाला, वाहनें दुसऱ्याचीं असलीं म्हणजे व्यापारही दुसऱ्याच्या मर्जीचा होतो, हें कोणी पुस्तकांतून शिकवावयास नको होतें. जहाज, मोटार आणि विमान या तिहींचे कारखाने देशांत व देशी मालकीचे असावेत, हा त्यांचा पुढील सर्व आयुष्याचा ध्यास झाला.

१९३९ च्या सप्टेंबरांत युरोपांत युद्ध पेटलें. त्यानंतरच्याच महिन्यांत वालचंद अमेरिकेहून पॅसिफिक महासागर ओलांडून हाँगकाँगकडे येणाऱ्या विमानांत बसले होते. त्याच विमानांत विल्यम पॉली या नांवाचे एक अमेरिकन व्यावसायिक होते. चिनी सरकारसाठीं विमानें जुळविण्याचा कारखाना ते चालवीत असत. त्या कारखान्याची कहाणी आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे. तो आधीं हांगचौ येथें, म्हणजे समुद्रापासून फार लांब नसलेल्या शहरांत होता. जपानी सैन्य चाल करून येऊं लागतांच तो उचलून हँकौला न्यावा लागला आणि तेथेंही टिकाव लागेना तेव्हां ब्रह्मदेशाच्या सरहद्दीलगत लोइविंग या आडवळणी जागीं. यंत्रें बांधून देशोधडीला लागलेल्या कारखान्याचा हा चालक आणि युद्धांत देशाची संधि शोधणारा हा सोलापुरी व्यापारी यांचें त्या लांबच्या प्रवासांत बोलणें झालें, आणि हिंदुस्थानांत विमान-कारखाना काढण्याची कल्पना तेथून आकाराला आली.

येथें एक गोष्ट बाजूस ठेविलेली बरी. १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविलें, अशी आख्यायिका आपल्याकडे आवडीनें सांगितली जाते. तिला विश्वासार्ह असा समकालीन पुरावा उपलब्ध नाहीं. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल आदर बाळगावा. परंतु आख्यायिकेच्या पायावर कारखान्याची भिंत चढत नाहीं. वालचंदांना जें हवें होतें तें एक विमान नव्हे, तर एकासारखीं एक अशीं शेंकडों विमानें.

या ‘एकासारखें एक’ शब्दांतच विमान-कारखान्याचें मर्म आहे. नांगर पांच शेर जड झाला तर बैल थोडे धापा टाकतील, पण शेत नांगरलें जाईल. विमानाचें तसें नाहीं. त्याच्या अंगावर वाढलेला प्रत्येक शेर हवेंत उचलावा लागतो, आणि तितकें तेल किंवा ओझें कमी न्यावें लागतें. म्हणून लोखंडाऐवजीं त्याचें अंग एका खास मिश्रधातूचें करतात. अॅल्युमिनियममध्यें तांबें व मॅग्नेशियम यांचा अल्प अंश मिसळून केलेल्या या धातूचा गुण १९०६ च्या सुमारास जर्मनींत आल्फ्रेड विल्म यांना आढळला. तापवून पाण्यांत एकदम निववली कीं ही धातु आधीं मऊ असते व मग नुसती पडून राहिली तरी आपोआप कठीण होत जाते. विमानाचा पत्रा जोडण्याचे रिव्हेट याच धातूचे असले म्हणजे ते निवल्यावर लगोलग ठोकावे लागतात, नाहींतर बर्फाच्या पेटींत घालून त्यांचें कठीण होणें लांबवावें लागतें. लोहाराच्या भात्यापाशीं बर्फाची पेटी! आपल्याकडील जुन्या कारागिराला ही गोष्ट सांगितली असती तर त्यानें थट्टाच समजली असती.

पत्र्यानंतर साचे. विमानाची प्रत्येक बरगडी आणि प्रत्येक पंख पोलादी चौकटींत बसवून घडवावा लागतो, म्हणजे बाराव्या विमानाचा डावा पंख पांचव्या विमानाला कानस न लावतां बसला पाहिजे. माप इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत नेमकें हवें. तें नेमकेपण लेथ आणि इतर कातकामाच्या यंत्रांनीं येतें. आणि यंत्रांहून अधिक, त्यांवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला लागलेल्या वळणानें. शिवाय धावपट्टीसाठीं लांबरुंद सपाट जमीन, चांचणीसाठीं वर्षांतील बहुतेक दिवस मोकळें आकाश, आणि हवेंत क्षार नको, कारण खाऱ्या दमट वाऱ्यानें अॅल्युमिनियमचा पत्रा खाल्ला जातो. हें सारें मनांत आणल्यावर नकाशावरील मुंबईचें बोट थोडें डळमळूं लागतें. चार महिन्यांचा धो धो पाऊस, खारा वारा, जमिनीची टंचाई, आणि शत्रूचें आरमार आलें तर सर्वांत आधीं तोंडावर तेंच.

तथापि मुंबई मागें पडली ती केवळ पावसापायीं असें समजणें भाबडेपणाचें होईल. खरा अडसर दिल्लींत आणि लंडनमध्यें होता. विमानाला लागणारें खास अॅल्युमिनियम त्या वेळीं या देशांत होत नव्हतें. देशांतलें पहिलें अॅल्युमिनियम गाळलें गेलें तेंच १९४३ सालीं त्रावणकोरांत. म्हणजे पत्रा, इंजिनें, यंत्रें सर्व अमेरिकेहून आणावयाचें, आणि त्यांतला प्रत्येक खिळा इंग्लंडला हवा होता. वसाहतीनें विमानें करण्यापेक्षां मायदेशाच्या कारखान्यांना माल मिळावा, हा राज्यकर्त्यांचा हिशेब. वालचंदांचा प्रस्ताव त्यामुळें महिनोन्महिने पडून राहिला. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला, ब्रिटन एकाकी झालें, तेव्हां हिशेब बदलला, आणि त्या वर्षीं जुलैच्या सुमारास सरकारनें होकार दिला. जें काम अर्जविनंत्यांनीं होईना तें हिटलरच्या रणगाड्यांनीं करून दिलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

होकार मिळाला, पण जमीन आणि पाठबळ कोणाचें? म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनीं बंगळुराजवळ सुमारें ७०० एकर जमीन देऊं केली आणि संस्थानच्या तिजोरींतून पंचवीस लक्ष रुपये भांडवलांत घातले. संस्थानापाशीं देण्यासारखें आणखीही पुष्कळ होतें. शिवसमुद्रमच्या धबधब्यावर १९०२ पासून वीज निघत होती. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्यें सुरू झाला होता. आणि बंगळुरांत १९०९ सालीं स्थापन झालेली शास्त्रीय संशोधनाची संस्था होती. या संस्थेचा इतिहासही याच जातीचा आहे. जमशेटजी टाटा मुंबईचे, पैसा मुंबईचा. परंतु म्हैसूरच्या दरबारानें ३७१ एकर जमीन दिली, आणि संस्था बंगळुरास गेली.

आतां सातारा-सांगलीकडे वळूं. १८४८ मध्यें साताऱ्याचें राज्य खालसा झालें आणि सातारा हा इंग्रजी जिल्हा बनला. त्याला लागून, त्याच्या आंतबाहेर, औंध, सांगली, मिरज अशीं संस्थानें विखुरलेलीं होतीं. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा नांगराचा कारखाना प्रथम बेळगांवीं, म्हणजे इंग्रजी मुलखांत होता. शहर वाढविण्यासाठीं तेथील नगरपालिकेला ती जागा हवी झाली आणि कारखान्याला उठावें लागलें. तेव्हां औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल स्टेशनजवळील निवडुंगानें भरलेला माळ दिला, आणि १९१० सालीं तेथें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाच्या नांगरानें जमीन विषारी होते असें मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या देशांत ओतशाळा पेटली. विचारी श्रोत्यांच्या लक्षांत येईल कीं वाडीचा माळ आणि बंगळूरची सातशें एकर जमीन या दोहोंमागें एकच तत्त्व आहे. इंग्रजी अमलांत कलेक्टर, कमिशनर, मुंबई, दिल्ली आणि लंडन अशा पायऱ्या चढाव्या लागत. संस्थानांत राजा किंवा दिवाण समजदार असला तर एका बैठकींत निकाल लागे. तो समजदार नसला तर कांहींच होत नसे, हेंही तितकेंच खरें. सगळीं संस्थानें औंध किंवा म्हैसूर नव्हतीं.

साताऱ्यालाही उद्योगाचें वारें लागलें नव्हतें असें नाहीं. सातारारोड स्टेशनाजवळ धनजीशा कूपर यांचा नांगर आणि तेलावरचीं इंजिनें करणारा कारखाना होता. हे कूपर म्हणजे १९३७ सालीं कांहीं महिने मुंबई इलाख्याचे मुख्य प्रधान असलेले गृहस्थ. पुढें हा कारखाना वालचंदांच्याच उद्योगसमूहांत आला. पुण्याहून बंगळुराकडे जाणारी त्या काळची मीटर गेजची आगगाडी डोळ्यांपुढें आणा: सातारारोडला कूपर, पुढें कुंडलला किर्लोस्कर, मग मिरज, बेळगांव, हुबळी, त्यानंतर म्हैसूरच्या हद्दींत हरिहर, आणि शेवटीं बंगळूर. हरिहरास १९४१ सालीं म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनविणारा कारखाना निघाला, तोही म्हैसूर संस्थानच्या सहकार्यानें. ज्या नेमकेपणाचा वर उल्लेख केला, तें नेमकेपण देणारीं यंत्रें या एका लोहमार्गाच्या कडेनें तयार होऊं लागलीं होतीं. दख्खनच्या या पट्ट्यांत भांडवल थोडें. पण ओतकाम, कातकाम जाणणारी माणसें एका पिढीच्या मेहनतीनें तयार झालीं होतीं. मुंबईच्या गिरणीचा मजूर सूत ओळखतो, वाडीचा मजूर बिडाचा तुकडा वाजवून त्यांतली भेग ओळखतो. विमानाला दुसराच जवळचा.

२३ डिसेंबर १९४० रोजीं हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बंगळुरास नोंदली गेली. १९४१ च्या मार्चमध्यें हिंदुस्थान सरकारही पंचवीस लक्ष रुपये घालून एकतृतीयांशाचें भागीदार झालें. अमेरिकेहून सुटे भाग आले, आणि त्याच वर्षीं हार्लो जातीचें पहिलें शिकाऊ विमान बंगळूरच्या आकाशांत चढलें. पुढील वर्षीं कर्टिस हॉक हें लढाऊ विमान तयार झालें. हें सर्व जुळणीचें काम होतें, निर्मितीचें नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप बरोबर आहे. पण परकें यंत्र उलगडून पुन्हां बिनचूक बसविणें ही पहिली इयत्ता आहे, आणि ती टाळून कोणी वर गेलेला नाहीं.

मग १९४२ चा एप्रिल उजाडला. जपाननें सिंगापूर घेतलें होतें, रंगून पडलें होतें. २ एप्रिल रोजीं सरकारनें वालचंदांचे भाग विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यांत घेतला. म्हैसूर संस्थाननें आपले भाग ठेविले, पण कारभारावरील हक्क सोडला. नोंदणीपासून जेमतेम पंधरा-सोळा महिने! आणि त्यानंतर चारच दिवसांनीं, ६ एप्रिलला, जपानी विमानांनीं विशाखापट्टणमवर बाँब टाकले. त्या बंदरांत वालचंदांचा दुसरा प्रकल्प, सिंदिया कंपनीचा जहाज-कारखाना उभा राहत होता. त्याची कोनशिला राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें २१ जून १९४१ रोजीं बसली होती. जहाजाला समुद्र सोडून चालत नाहीं, म्हणून तो किनाऱ्यावर. विमानाला समुद्र लागत नाहीं, म्हणून तो आंत. एकाच आठवड्यांत किनाऱ्यावरच्या कामावर शत्रूचे बाँब आणि आंतल्या कामावर आपल्याच सरकारचा शिक्का. यांतला कोणता घाव वालचंदांना अधिक लागला असेल याचा तर्क प्रत्येकानें आपापल्या मनाशीं करावा.

सरकारचा निर्णय निव्वळ दुष्टपणाचा होता असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. विमानाचें गिऱ्हाईक एकच, तें म्हणजे लष्कर. आकाश सरकारचें, तेल सरकारचें, आणि शत्रु दाराशीं. संस्थानिक जमीन देऊं शकत होता, आकाश देऊं शकत नव्हता. मात्र नव्या विमानांच्या निर्मितीची गोष्ट त्यानंतर मागें पडली, हेंही नोंदविलें पाहिजे. १९४३ पासून कारखाना अमेरिकन विमानदळाच्या हाताखालीं दुरुस्तीचें ठाणें म्हणून चालला. तुटक्या पंखांचीं विमानें येत आणि नवीं होऊन जात. स्वतंत्र आराखड्याचें काम जवळजवळ थांबलें, परंतु हजारों कामगारांचे हात या दुरुस्तीवर तयार झाले.

आराखड्याची वात विझूं न देणारा माणूस पुन्हां आपल्याच मुलखाचा होता. डॉ. विष्णु माधव घाटगे कोल्हापूरकडील. जर्मनींत गटिंगेन येथें लुडविग प्रांड्टल या थोर शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं वायुगतीचें शास्त्र आत्मसात केलें होतें. कारखान्यांत दाखल झाल्यावर युद्धकाळांतच त्यांनीं दहा जणांना नेणारें बिनइंजिनाचें विमान, म्हणजे ग्लायडर, आंखलें. आणि १९४२ च्या अखेरीस बंगळूरच्या संशोधनसंस्थेंत विमानविद्येचें शिक्षण सुरू झालें तेव्हां त्याची धुराही त्यांनींच सांभाळली. ५ ऑगस्ट १९५१ रोजीं त्यांच्या आराखड्याचें एच. टी. २ हें दोन बैठकींचें शिकाऊ विमान प्रथम उडालें. अशीं दीडशेहून अधिक विमानें पुढें बनलीं. त्यांपैकीं बारा आफ्रिकेंतील घाना देशानें घेतलीं. इंजिन मात्र इंग्रजी होतें. इंजिनाचें परावलंबन हा या धंद्यांतला जुना रोग आहे, आणि तो अद्याप पुरता बरा झालेला नाहीं.

मुंबईचा विचार पुन्हां कधींच झाला नाहीं काय? मोटारीसाठीं झाला. वालचंदांनीं १९४४ सालीं काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स मुंबईच्या कुर्ल्यासच उभी राहिली. मोटारीला गिऱ्हाईक शहरांत मिळतें. विमानें मात्र घाटावरच राहिलीं. १९६४ मध्यें बंगळूरची कंपनी हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. रशियन मिग विमानांसाठीं नवे कारखाने काढले ते नाशिकजवळ ओझर, ओरिसांत कोरापुट आणि हैदराबाद येथें; तिन्ही ठिकाणें समुद्रापासून आंत. अलीकडे, २०१६ सालीं, कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं उभारलेलें विमान मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं कौतुकानें पाहिलें, आणि २०१८ सालीं पालघर जिल्ह्यांत १५७ एकर जमिनीवर विमान-कारखाना काढण्याचा सामंजस्य-करार महाराष्ट्र सरकारशीं झाला. मुंबईच्या गच्चीवर विमान होऊं शकतें, कारखान्यासाठीं मात्र तेथूनही बाहेरच पाहावें लागलें. आणि परवान्याच्या, जमिनीच्या पायऱ्या चढण्याचें काम स्वतंत्र देशांतही चुकत नाहीं, हें या उदाहरणांत दिसतें.

वालचंदांनीं सुरू केलेला विमान-कारखाना सरकारी झाला आणि विशाखापट्टणमचा जहाज-कारखानाही पुढें सरकारकडे गेला. तेथें बांधलेली ‘जलउषा’ ही आगबोट १४ मार्च १९४८ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें पाण्यांत सोडली गेली, तेवढा सोहळा त्यांना पाहावयास मिळाला. पुढें प्रकृतीनें साथ सोडली आणि ८ एप्रिल १९५३ रोजीं ते निवर्तले. इकडे सांगलीस धोंडूमामा साठे यांनीं १९४७ सालीं विश्रामबाग येथें एक अभियांत्रिकी महाविद्यालय काढलें होतें. त्या वेळीं त्याचें नांव न्यू इंजिनिअरिंग कॉलेज. पैशाची ओढाताण फार होती. वालचंदांच्या स्मारकनिधीकडून साहाय्य मिळाल्यावर १९५५ मध्यें त्याला वालचंदांचें नांव देण्यांत आलें. वाळवा, तासगांव, खटाव, जत इकडील शेतकऱ्यांचीं मुलें आजही तेथें यंत्रशास्त्र शिकतात. सातारारोड, किर्लोस्करवाडी, मिरज ही गाडीची वाट अजून तीच आहे, रूळ तेवढे रुंद झाले. आणि बंगळुराकडे जाणारी गाडी मिरजेस मिळते.